वर चढला होता, की पेटीत हात घातला होता?

शॉकचा पेशंट छोट्या हत्तीतून कॅज्युअल्टीच्या दारात उतरतो आणि सोबतचा माणूस त्याच्याही आधी आत येऊन सांगतो, "ताई, काहीच नही जायं. जरासं बोट भाजेल शे." बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य किती वेळा ऐकलं याची गणती नाही. पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही वेळा त्या जराशा बोटामागे कोपरापर्यंतचा हात आतून शिजलेला असतो, आणि ते ओळखायला आपल्याकडे मोजके तास असतात.

मी सिस्टर आहे, डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यात केळीवाल्या घरात वाढले. वडील शेती सांभाळून वायरमनचं काम करायचे. गावातल्या मोटारी, स्टार्टर, घरांचं फिटिंग. त्यामुळे एचटी (हाय टेन्शन, जास्त दाबाची लाईन) कोणती, एलटी (लो टेन्शन, कमी दाबाची) कोणती, डिओ (खांबावरचा, एचटी बाजूचा फ्यूज) म्हणजे काय, हे मला नर्सिंगला जायच्या आधीपासून ठाऊक. वॉर्डात आल्यावर लक्षात आलं की डॉक्टरांना शरीर कळतं पण लाईन कळत नाही, आणि पेशंटला आणणाऱ्यांना लाईन कळते पण शरीर कळत नाही. मधे उभं राहून दोघांची गाठ घालून देणं हे बहुतेक वेळा सिस्टरच्याच वाट्याला येतं. नव्यानं ड्यूटीवर येणाऱ्या पोरापोरींना जे तोंडी सांगते तेच इथे लिहून काढते आहे. औषधं कोणती आणि ऑपरेशन कधी, हे डॉक्टर ठरवतील. त्यात मी पडत नाही.

व्होल्ट विचारू नका, जागा विचारा

डॉक्टरी पुस्तकांत रेघ १,००० व्होल्टवर मारलेली असते. त्याच्या वर हाय व्होल्टेज, खाली लो. घरातली लाईट २३० ची, विहिरीवरची थ्री फेज ४१५ ची, दोन्ही लो. सबस्टेशनपासून शेतातल्या डीपीपर्यंत येणारी लाईन ११,००० ची आणि त्या सबस्टेशनला येणारी बहुधा ३३,००० ची, या हाय. १९५६ च्या जुन्या वीज नियमांत २५० पर्यंत लो, ६५० पर्यंत मीडियम अशी वेगळी वाटणी होती. म्हणून एखादा जुना वायरमन 'मीडियम' म्हणाला तर गोंधळू नका, आपल्या हिशेबी ते लोच.

नातेवाइकाला "किती व्होल्टचा शॉक?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "चारशे चाळीस." आपल्याकडे थ्री फेज म्हणजे चारशे चाळीस, मोठा शॉक म्हणजे चारशे चाळीस, आणि जोरात ओरडणारा मास्तरसुद्धा चारशे चाळीसच. या उत्तरावर केसपेपर लिहायचा नाही.

त्यापेक्षा जागा विचारा. "डीपीवर शॉक लागला" म्हणाले तर पुढचा प्रश्न असा: वर चढला होता, की पेटीत हात घातला होता? डीपी डोळ्यांसमोर आणा. दोन खांब, त्यांच्यावर ११ केव्हीच्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या, तीन तारा, तिथे डिओ, मधे ट्रान्सफॉर्मर, आणि खाली माणसाच्या उंचीवर लोखंडी पेटी, तिच्यात किटकॅटचे, म्हणजे काढ-घाल करायचे चिनी मातीचे, फ्यूज. रात्रपाळीच्या लाईटच्या आठवड्यात एक फेज गेला की शेतकरी बॅटरी घेऊन स्वतःच फ्यूज टाकायला जातो. पेटीत हात गेला असेल तर २३० किंवा ४१५. वर ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगपर्यंत (तार जोडायच्या चिनी मातीच्या खुंटापर्यंत) किंवा डिओपर्यंत गेला असेल तर ११,०००. एकाच डीपीवर चार हातांच्या अंतरात दोन निराळे आजार असतात, आणि केसपेपरवर दोन्हींना 'डीपीवर शॉक' एवढंच लिहिलेलं मी शेकड्यानं पाहिलं आहे.

तारेवरचा शॉक असेल तर विचारा, तारा किती होत्या? तीनच असतील तर बहुधा ११ केव्ही. चार-पाच असतील, गावातून घरांच्या जवळून गेलेल्या असतील, तर एलटी. बोअरची मोटर काढताना लोखंडी पाईप उभा झाला, स्लॅबवर सळई वळवताना ती बाजूच्या लाईनला लागली, कडब्याच्या ट्रॉलीवर बसलेल्याचं डोकं तारेजवळ गेलं, अशी सांगणी आली की ती एचटीचीच समजून चाला. कुलर, मिक्सर, चार्जर, मोटरचा स्टार्टर, कपडे वाळत घालायची तार ही एलटीची. कुलरचं तर काय सांगावं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याचा कुलर दिवसरात्र चालतो, आणि पाणी भरणारीचे पाय ओले, हात ओला, अर्थिंगचा पत्ता नाही.

जमिनीवर उभ्या माणसाला ११ केव्हीच्या एका तारेचा धक्का बसला तर अंगावर पूर्ण ११,००० येत नाहीत, साधारण ६,३५० येतात. तीन फेजचं गणित तसं आहे. तरी घरच्या लाईटच्या सत्तावीस पटीहून जास्त झाले.

आणि "ताई, हात लागलाच नाही" हेही खोटं समजू नका. एचटी हवेतून उडी मारते. माणूस तारेच्या फार जवळ गेला की मधे ठिणगीचा लोळ पेटतो, आणि त्याची उष्णता हजारो अंशांत असते.

चिटकला की फेकला गेला

दुसरा प्रश्न. आपल्या लाईटचा करंट सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो. हातातून साधारण १० ते १५ मिलिअँपिअर गेला की स्नायू आखडतात, आणि मूठ वळणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा दणकट असल्यामुळे मूठ बंदच राहते. सोडायचं असतं, पण सुटत नाही. यालाच आपण चिटकला म्हणतो. वीज कोणाला ओढून धरत नाही, आपलाच हात तिला धरून बसतो. एचटीच्या धक्क्यात बहुतेक वेळा एकच जबर आचका बसतो आणि माणूस दूर पडतो, खांबावरून असेल तर खाली. म्हणून फेकला गेलेल्या पेशंटची मान आणि पाठ आधी धरा. एक्स-रे निघेपर्यंत त्याला उठवून बसवू नका. मणका, खांदा, डोकं, सगळं तपासून घ्यायचं. खांदा तर नुसत्या आचक्यानंसुद्धा मागच्या बाजूला निखळतो, आणि साध्या एक्स-रेत तो चटकन दिसत नाही.

चिटकलेल्याच्या बाबतीत वेळ विचारा. "मेन कोणी पाडला? तो तेव्हा कुठे होता?" असं विचारलं की खरा वेळ कळतो, "किती वेळ?" म्हटलं की सगळे "थोडासा" म्हणतात. उष्णता करंटच्या वर्गानं आणि वेळेनं वाढते. स्टार्टरला अर्धा मिनिट चिटकलेल्याचं बोट ४१५ वरही हाडापर्यंत जाऊ शकतं. तो कागदावर लो असला तरी त्याला एचटीच्याच नजरेनं बघा.

ओल्या अंगाचंही विचारा. वडील सांगायचे, कोरड्या हाताचं आणि ओल्या हाताचं कातडं ही दोन वेगळी माणसं. कोरड्या, घट्टे पडलेल्या तळव्याचा विरोध लाखभर ओहमपर्यंत असू शकतो. ओल्या अंगाचा हजाराच्या आसपास येतो. २३० ला हजारानं भागा, २३० मिलिअँपिअर आले. छातीतून ५० ते १०० गेले तरी हृदयाची लय बिघडू शकते. घरात बसवायचं जे आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं बटण) असतं ते ३० वर पडतं, ते याचसाठी.

कपडे काढा, चप्पल मागवा

इथे माझी चूक सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. दुपारी चारच्या सुमारास पस्तिशीचा एक माणूस चालत आला. बोअरची मोटर काढताना पाईप लाईनला लागला होता. वाटेतल्या एका दवाखान्यात डाव्या तळव्याला पांढरं मलम लावून पट्टी बांधून दिली होती आणि "वाटलं तर सिव्हिलला दाखवा" असं सांगितलं होतं. मी पट्टी सोडली. तळव्याच्या मधोमध रुपयाएवढी जागा राखाडी-पांढरी, मधे खोल, कडेला काळी, हात लावला तर चामड्यासारखी, आणि दुखत नव्हती. पेशंटचा बोटांसकट तळहात म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का, हे नुकतंच शिकलेले. मी लिहिलं, 'डावा तळवा, १ टक्क्याहून कमी'. तसा तो वॉर्डच्या कोपऱ्यातल्या खाटेवर गेला, एक सलाईन लागलं, आणि रात्री त्याची लघवीची बाटली मामांनी नेहमीसारखी ओतून टाकली.

सकाळी तोच म्हणाला, "ताई, लघवी काळी व्हई राहिनी." तेव्हा हात बघितला. बोटं हलेनात. त्याला बसवून शर्ट काढला तर कॉलरखाली मानेच्या बाजूला दुसरी जखम. पाईप खांद्यावर टेकलेला होता, ते कोणी विचारलंच नव्हतं. तिसरी टाचेला. त्याच दिवशी हाताला चीर देऊन आतला सुजेचा दाब मोकळा केला, पण दहाव्या दिवशी कोपराखालून काढावा लागला.

तेव्हापासून शॉकच्या पेशंटचे सगळे कपडे काढून, आडोसा करून, बघायचं हा माझा नेम आहे. तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा, पायाच्या बोटांमधल्या फटी, डोक्यावरचे केस बाजूला करून टाळू. कोपर आणि काखेची घडी उघडून बघा. हात आखडला की घडीतली दोन कातडी जवळ येतात, वीज तिथून उडी मारते आणि दोन्हीकडे समोरासमोर काळे डाग पडतात. अंगठी, कडं, चांदीचा करदोडा, जोडवी लगेच काढा. नंतर सूज आली की कापावी लागतात, आणि करदोडा कापायला घरचे तयार नसतात, त्यात तास जातो.

चप्पल मागवा. नातेवाईक ती घटनास्थळी सोडून येतात किंवा छोट्या हत्तीत राहते. रबरी चपलेला टाचेखाली मटाराएवढं वितळलेलं भोक मी हातात घेऊन पाहिलेलं आहे. पायावर तेव्हा नुसता काळा ठिपका होता, पायाला घट्टे असल्यामुळे तो धूळच वाटला होता. ओल्या कापसानं पुसला, गेला नाही. वीज एका ठिकाणी आत शिरते आणि दुसरीकडे बाहेर पडते. दोन टोकं सापडली की मधली वाट कळते, आणि त्या वाटेवर काय काय आहे ते कळतं. हातापासून हातापर्यंत असेल तर मधे छाती.

हाडाचा विरोध सगळ्यांत जास्त, म्हणून ते सगळ्यांत जास्त तापतं आणि त्याला चिकटलेला स्नायू आतून भाजतो. वरचं कातडं, वरचा स्नायू धडधाकट आणि हाडालगतचा मेलेला, असंही असतं. म्हणून सर्जन दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नेऊन बघतात. "कालच तर साफ केलं होतं ना?" असं घरचे विचारतात तेव्हा त्यांना हे समजावून सांगायचं काम आपलं.

चेहरा, छाती काळी पडलेली पण आत-बाहेरची खूण कुठेच नाही, असा पेशंट बहुधा लोळानं भाजलेला असतो, वीज अंगातून गेलेली नसते. दिसायला तो सगळ्यांत भयानक, आणि पुष्कळदा सगळ्यांत लवकर बरा होतो. त्याचे डोळे आणि श्वासनलिका मात्र लगेच दाखवा.

टक्के विसरा, लघवी बघा

भाजलेल्या पेशंटला सलाईन किती, याचं नेहमीचं सूत्र: ४ मिलि गुणिले वजन गुणिले भाजलेले टक्के. माझ्या त्या पेशंटचं वजन ६० किलो, जखम १ टक्का धरा. २४ तासांत २४० मिलि. एक ग्लासभर पाणी! आणि स्नायू मेलेल्या माणसाला खरं तर इतकं सलाईन लागतं की तासाला ७५ ते १०० मिलि लघवी झाली पाहिजे. म्हणजे दिवसभरात नुसती लघवीच १,८०० ते २,४००. एचटीच्या पेशंटला टक्क्यांचं सूत्र कसं फसवतं ते एवढ्यावरून कळावं.

कारण असं की, मेलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ रक्तात सुटतो आणि किडनीत जाऊन अडकतो. लघवी आधी गडद पिवळी, मग बिनदुधाच्या चहासारखी, मग कोल्ड्रिंकसारखी होते. पट्टीवर तपासली तर रक्त दाखवते, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लाल पेशी दिसत नाहीत. लॅबचा रिपोर्ट असा आला की डॉक्टरांना फोन करा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका. त्याच स्नायूतून पोटॅशियमही सुटतं आणि ते हृदय बंद पाडू शकतं. म्हणून एचटीच्या पेशंटला कॅथेटर (लघवीची नळी), मॉनिटर, आणि रक्तात पोटॅशियम व सीपीके (स्नायू किती मेला ते दाखवणारी तपासणी), हे पहिल्या तासातच मागून घ्या.

एक जुनी युक्ती सांगते, खर्च शून्य. दर तासाला युरोबॅगमधली (नळीला जोडलेल्या पिशवीतली) थोडी लघवी एका टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, चिकटपट्टीवर वेळ लिहा आणि ट्यूब खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं उभ्या करा. पाच, सहा, सात, आठ. उजेडात रंग उतरत गेलेला दिसतो. आकडे वाचायला वेळ नसलेला डॉक्टरही त्या कट्ट्याकडे बघून उभा राहतो, आणि घरच्यांना तर दुसरं काही सांगावंच लागत नाही. मधेच एखादी ट्यूब पुन्हा काळी आली तर समजा, कुठेतरी अजून स्नायू मरतोय किंवा सलाईन कमी पडतंय.

एलटीच्या बहुतेक पेशंटांना यातलं काही लागत नाही. चिटकलेले आणि बेशुद्ध होऊन बराच वेळ पडून राहिलेले सोडून.

कच्च्या केळीसारखा हात

दंड, पोटरी, पुढचा हात दाबून बघा, आणि दुसऱ्या बाजूचाही दाबा म्हणजे फरक कळेल. सुजलेला हात पिकल्या केळासारखा दबतो. आत दाब वाढलेला हात कापणीच्या घडातल्या कच्च्या केळीसारखा टणक लागतो. रावेर-यावलच्या पोरींना हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. पेशंटची बोटं हलकेच सरळ करा. जखमेच्या मानानं नको इतकं दुखलं, मुंग्या येत असतील, तर सर्जनला बोलवा. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नका, नाडी सगळ्यांत शेवटी जाते. स्नायू रक्ताशिवाय सहा तासांच्या आसपास तग धरतो, आणि त्यातले दोन-तीन तास शिरपूरहून किंवा शहाद्याहून येण्यातच गेलेले असतात. घड्याळ शॉक लागला तेव्हापासून मोजायचं, ॲडमिशनपासून नाही.

ज्याला काहीच झालेलं नाही

आता एलटी. कुलरचा शॉक लागून बाई आली, हाताला खूण नाही, बोलते, चालते. तिचं काय? प्रत्येकाचा ईसीजी काढायचा, वाद नको. तो नॉर्मल, बेशुद्ध पडली नव्हती, छातीत दुखत नाही, धडधड नाही, पोटात बाळ नाही, जखम नाही, तर डॉक्टर बघून तिला घरी सोडतात आणि ते बरोबरच असतं. एलटीच्या शॉकनं लय बिघडायची असेल तर ती बहुधा तिथल्या तिथेच बिघडते. ईसीजी ठीक असलेल्याला दुसऱ्या दिवशी अचानक काही होणं दुर्मीळ. बेशुद्ध पडला असेल, अगदी घटकाभर, किंवा ईसीजीत काही असेल, तर तो २४ तास मॉनिटरवर. एचटीचा मात्र ईसीजी कसाही असो, ॲडमिटच. गरोदर बाईचा शॉक किरकोळ वाटला तरी बाळाचे ठोके तपासल्याशिवाय सोडू नका.

रांगतं मूल चार्जरची वायर चावतं तेव्हा ओठाच्या कोपऱ्याला पांढरट डाग पडतो. आईला तो लहान वाटतो. साधारण ५ ते १४ दिवसांत खपली सुटते आणि ओठातली रक्तवाहिनी फुटू शकते. आईला हे आधीच सांगा, चिमटीत ओठ कसा दाबून धरायचा तेही करून दाखवा. ऐन रात्री कळलं तर ती घाबरून मुलाला आडवं घेऊन पळत सुटेल.

वहीतली तुलना आणि तिची खोट

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. लाईन, जागा, चिटकला की फेकला, आत-बाहेरच्या खुणा, लघवीचा रंग, ईसीजी, ऑपरेशनं, किती दिवस, शेवट, असे रकाने. वही उलगडली की एचटीची पानं ओटीच्या नोंदींनी भरलेली दिसतात, एलटीच्या पानांवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. नव्या इंटर्नला दाखवली की तो म्हणतो, म्हणजे एलटी सौम्य.

मीही तसंच समजत होते. मग एका उन्हाळ्यात पीएम (पोस्टमॉर्टेम) रूमच्या मामांशी बोलताना कळलं की त्या आठवड्यात त्यांच्याकडे कुलरच्या आणि मोटरच्या शॉकच्या बॉड्या आल्या होत्या, आणि माझ्या वहीत त्यातली एकही नव्हती. त्या वॉर्डापर्यंत आल्याच नाहीत. २३० च्या शॉकनं हृदय थरथरत थांबतं, माणूस गोठ्यात किंवा न्हाणीत तिथेच संपतो, अंगावर कधी कधी खूणही नसते. वॉर्डात पोहोचलेला एलटीचा पेशंट हा आधीच वाचलेला असतो. अशी वही कोणी ठेवणार असेल, थिसिससाठी असो की हौसेनं, तर पीएमची नोंद सोबत धरल्याशिवाय एचटी-एलटीची तुलना करू नका.

आणखी दोन गोष्टी. नुसत्या लोळानं भाजलेले आणि वीज अंगातून गेलेले एचटी पेशंट एकाच रकान्यात टाकले की एचटी उगाच हलकी दिसते, वेगळे लिहा. आणि पुढे रेफर केलेल्यांचा शेवट फोन करून विचारा, नाहीतर आपल्याकडून गेला तो वाचला असंच वहीत राहतं.

गावातून फोन आला तर

घरातला शॉक असेल तर आधी मेन पाडायला सांगा. ते शक्य नसेल तरच कोरड्या लाकडानं वायर बाजूला करायला. एचटीची तार पडलेली असेल तर लाकूड, काठी, काहीही चालत नाही. सगळ्यांना १० मीटरच्या बाहेर ठेवा, वीज कंपनीला कळवून लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. तारेजवळच असलेल्यानं पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, सरकत बाहेर यायचं. लांब टांग टाकली की दोन पायांच्या मधून करंट जातो.

लाईट बंद झाली, माणूस हलत नाही, श्वास नाही: छाती दाबायला लगेच सुरुवात. छातीच्या मधोमध, ५-६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, आणि १०८ ची ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. शेणात पुरणं, मातीत झोपवणं अजून करतात लोक. त्यात जी पाच मिनिटं जातात तीच खरी होती.

कागद

शॉकच्या पेशंटची एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) होते, तेव्हा जे लिहाल ते पुढे विद्युत निरीक्षकांच्या चौकशीत आणि मदतीच्या फायलीत जातं. 'इलेक्ट्रिक शॉक' एवढं पुरत नाही. मी असं लिहिते: 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार सायं. ६ वा. शेतातील डीपीवर चढून डिओ बसवताना ११ केव्ही बाजूचा धक्का, अंदाजे १२ फुटांवरून पडला, २ मिनिटे बेशुद्ध. उजव्या तळव्यावर व डाव्या टाचेवर जखम. आल्यावर लघवी चहाच्या रंगाची.' धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं तेही, वेळेसकट.

शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचं घरच्यांच्या कानावर घाला. विजेचा धक्का तिच्यात बसतो. मृत्यूला २ लाख, एक हात किंवा पाय गेल्यास १ लाख. डिस्चार्जच्या गर्दीत हे कोणी सांगत नाही आणि मुदत निघून जाते.

मानेवर खूण असलेला तो माझा पेशंट आठ महिन्यांनी दिव्यांग प्रमाणपत्राच्या कामासाठी पुन्हा आला. व्हरांड्यात मला ओळखून थांबला. उजव्या हातानं डोळा चोळत म्हणाला, ताई, ट्यूबलाईटभोवती ढग का दिसतात हल्ली? डोळ्यांच्या ओपीडीत पाठवला तर दोन्हीकडे मोतीबिंदू. छत्तिसाव्या वर्षी. डोकं, मान, खांदा यांना एचटी लागलेल्यांना तो महिन्यांनी, कधी वर्षानंतरही येतो. तेव्हा हे मला माहीत नव्हतं. आता अशा पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर तळाशी मी स्वतः पेनानं लिहिते, 'डोळे: ३ महिने, ६ महिने, १ वर्ष, २ वर्षे', आणि घरातल्या शिकलेल्या पोराकडून तारखा मोबाईलमध्ये टाकून घेते.